व्हिसा आल्यानंतर मन मागे फिरले तर: सहकुटुंब स्थलांतराचा फेरविचार कसा करावा

परदेशात स्थायिक होण्यासाठी अर्ज करताना बहुतेक घरांत फारशी चर्चा होत नाही, कारण तेव्हा सगळेच दूरचे असते. खरी घालमेल सुरू होते ती मंजुरीचे पत्र हातात पडल्यावर, म्हणजे राजीनाम्याची तारीख ठरवायची असते, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढायचे असतात आणि शेताला गिऱ्हाईक येऊन ओट्यावर बसलेले असते तेव्हा. हा लेख या अवस्थेत सापडलेल्या कुटुंबांसाठी आहे. लेखकाचा कल वाचकाला आधीच ठाऊक असावा म्हणून सांगतो की, भुसावळच्या आमच्या घरी २०२२ मध्ये कॅनडाच्या कायम वास्तव्याची मंजुरी आली होती आणि आम्ही गेलो नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गेलेला माझा मावसभाऊ तेथे चांगला रुळला आहे आणि त्याचा निर्णय चुकला असे मला कधीही वाटलेले नाही.

आमच्या अनुभवावरून एवढे मात्र खात्रीने सांगता येते की, ‘जावे की न जावे’ या प्रश्नावर रात्र रात्र बोलून काही निष्पन्न होत नाही. त्याऐवजी, आपण जी जी पावले टाकणार आहोत त्यांतील कोणती मागे घेता येतात आणि कोणती येत नाहीत, याची वर्गवारी करावी. मग शंका कितीही असल्या तरी त्यांना हाताळता येते.

आधी कागदांवरच्या तारखा पाहाव्यात

फेरविचारासाठी आपल्याजवळ किती वेळ आहे, हे मनावर नव्हे, कागदावर अवलंबून असते. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीत अर्जाचे निमंत्रण आल्यापासून साठ दिवसांत पूर्ण अर्ज दाखल करावा लागतो. निमंत्रण नाकारले तर प्रोफाइलची मुदत शिल्लक असेपर्यंत आपण यादीत राहतो आणि पुढच्या सोडतींत पुन्हा निवड होऊ शकते. त्यामुळे या टप्प्यावर मन मागे फिरले असेल, तर फारसे काहीच बिघडलेले नसते. मंजुरीनंतर मिळणाऱ्या पुष्टीपत्राची गोष्ट वेगळी आहे. त्याची मुदत बहुधा वैद्यकीय तपासणीपासून एका वर्षाशी किंवा पासपोर्टच्या मुदतीशी, जी आधी संपेल तिच्याशी, बांधलेली असते आणि ती सहसा वाढवून मिळत नाही. आमची तपासणी बरीच आधी झालेली असल्याने जुलैत पत्र आले तेव्हा हातात जेमतेम पाच महिने उरले होते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा मंजुरीच्या पत्रातही पहिल्या प्रवेशासाठी तारीख घातलेली असू शकते. ती तारीख शोधून स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहून ठेवावी.

येथे एक मधला मार्गही असतो, जो अनेकांना सल्लागार सांगत नाहीत. कॅनडाचे कायम वास्तव्य टिकवण्यासाठी दर पाच वर्षांत ७३० दिवस त्या देशात राहावे लागते. म्हणजे मुदतीच्या आत एकदा जाऊन प्रवेशाची नोंद करायची, परत यायचे आणि प्रत्यक्ष स्थलांतर वर्ष-दोन वर्षे पुढे ढकलायचे, हे नियमांत बसते. कुटुंबीयांना मुख्य अर्जदारासोबत किंवा त्याच्यानंतर, पण पत्राच्या मुदतीच्या आत, प्रवेश करता येतो. मुख्य अर्जदाराच्या आधी येत नाही. चौघांच्या विमानाच्या तिकिटांचा खर्च या मार्गाला लागतो हे खरे, परंतु घाईने विकलेल्या जमिनीच्या तुलनेत तो खर्च हलका पडतो.

आणि जायचेच नाही असे ठरले तर? कॅनडाच्या शुल्कांत कायम वास्तव्याच्या हक्काचे एक वेगळे शुल्क असते, जे ३० एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढ व्यक्तीमागे ५७५ कॅनेडियन डॉलर करण्यात आले. आपण कायम रहिवासी झालोच नाही तर हे शुल्क परत मागता येते. अर्जाची छाननी सुरू झाल्यावर प्रक्रिया-शुल्क मात्र परत मिळत नाही. अर्ज स्वतःहून मागे घेणे आणि अर्ज नाकारला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे येथे मुद्दाम लिहितो, कारण एका मोठ्या शहरातील ज्या सल्लागाराकडून आम्ही अर्ज भरला होता त्याने, ‘आता मागे हटलात तर तुमचे नाव कायमचे काळ्या यादीत जाईल,’ असे मला फोनवर ठणकावून सांगितले होते. असा कोणताही नियम नाही. मात्र हे कळेपर्यंत माझी पंधरा दिवसांची झोप गेली होती. सल्लागार कॅनडाच्या परवानाधारक सल्लागारांच्या अधिकृत नोंदवहीत आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासता येते आणि ते पैसे भरण्यापूर्वी तपासायचे असते. आखाती देशांत नोकरीसाठी नेणाऱ्या एजंटांना तर आपल्याच सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि त्यांना सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते.

प्रत्येकाने आपली यादी वेगळी लिहावी

मनातील धास्ती एकत्र बोलली की ती एका गोळ्यासारखी होते आणि त्या गोळ्याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. म्हणून नवरा, बायको, आईवडील आणि बारा-तेरा वर्षांच्या पुढची मुले यांनी आपापल्या शंका एकमेकांना न दाखवता वहीत लिहाव्यात आणि आठवड्याने एकत्र वाचाव्यात. माझ्या यादीत नऊ मुद्दे होते, त्यांतील सहा पैशांचे. बायकोच्या यादीत चारच होते आणि पहिला असा होता: ‘दुपारी तीन वाजता मुले शाळेतून घरी येतील तेव्हा दार कोण उघडेल?’ येथे ते दार माझी आई उघडते. दोन वर्षे आम्ही निवडीचे गुण, इंग्रजी परीक्षेतील बँडचे आकडे आणि डॉलरचा भाव यांवर बोलत होतो. हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.

यादी हाती आल्यावर प्रत्येक मुद्द्यासमोर, त्याचे उत्तर चौकशी करून मिळू शकते की नाही, एवढेच लिहावे. तीन वाजताच्या दाराचे उत्तर मिळते: शाळेनंतर मुलांना सांभाळणारी केंद्रे तेथे आहेत, त्यांना शुल्क असते, काहींना प्रतीक्षायादी असते आणि हे सारे त्या शहरातील केंद्रांना ईमेल करून विचारता येते. थंडी सोसवेल का, या शंकेला मे महिन्यात उत्तर शोधू नये. पंचेचाळीस अंशांत खान्देशातल्या माणसाला बर्फ गोडच वाटतो. ज्या शंकांना चौकशीने उत्तर मिळत नाही त्या फार थोड्या उरतात आणि निर्णय त्यांच्यावरच घ्यायचा असतो.

गेलेल्या माणसांना विचारतानाही असाच नेमकेपणा ठेवावा. ‘कसं काय चाललंय?’ या प्रश्नाला दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर ‘एकदम मस्त’ हेच उत्तर येणार, कारण पलीकडे सगळी भावकी पडद्यासमोर बसलेली असते. त्याऐवजी, सकाळी किती वाजता घर सोडता, पहिली नोकरी कोणती मिळाली आणि ती येथल्या कामाशी जुळणारी होती का, भाड्यात पगाराचा कितवा हिस्सा जातो, मूल आजारी पडले तर रजा कोण घेते, असे विचारावे. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळे विचारावे. उत्तरांतील फरक पुष्कळ सांगून जातो.

पैशांबाबत एकच सूचना करतो. अर्जासाठी दाखवावी लागणारी रक्कम म्हणजे तेथे बस्तान बसवायला पुरेशी रक्कम, असा समज आपल्याकडे पक्का आहे. कॅनडाने २०२५ च्या जुलैपासून चौघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम २८,३६२ डॉलर ठेवली, पण ती ठरवली जाते तेथील अल्प उत्पन्नाच्या वार्षिक मर्यादेच्या निम्मी धरून. म्हणजे ही गरिबीतले सहा महिने काढण्याची तजवीज झाली. नोकरी लागायला त्याहून जास्त दिवस गेले तर पुढचे पैसे कोठून येतील, हे नावानिशी लिहिता आले पाहिजे: मुदत ठेव, सोने, भाऊ. ‘बघू’ हे उत्तर धरू नये.

जमिनीला सर्वांत शेवटी हात लावावा

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात असो की धुळे-शिरपूरकडील कापसाच्या रानात, खान्देशातील कुटुंबाने परदेशी जायचे ठरवले की भांडवलासाठी पहिली नजर शेतावर जाते. हेच पाऊल मागे घेणे सर्वांत अवघड आहे आणि त्यामागे भावनेपेक्षा कायदा जास्त आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतकरी असल्याचा आपला पुरावा म्हणजे आपल्या नावाचा सातबारा. सगळी जमीन विकून टाकली, दोन वर्षांनी परत आलो आणि पुन्हा शेत घ्यायचे म्हटले, तर तो पुरावाच शिल्लक राहत नाही. दुसऱ्या बाजूने फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, भारतीय वंशाच्या ओसीआय कार्डधारकालाही, शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. म्हणजे तेथे बक्कळ कमावले तरी परदेशात राहून विकलेले शेत परत घेता येणार नाही.

येथे राहत असताना मिळवलेली किंवा निवासी भारतीयाकडून वारशाने आलेली शेतजमीन परदेशी गेल्यावरही ठेवता येते आणि पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकता येते. त्यामुळे ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी पहिली दोन-तीन वर्षे जमीन नफ्याने (ठरीव खंडाने) किंवा निमबटाईने (निम्म्या वाट्याने) कसायला द्यावी. ज्यांना पैशांवाचून गत्यंतरच नाही त्यांनी तुकडा विकावा, पण आपल्या नावाचा सातबारा पूर्णपणे जाऊ देऊ नये. इसार घेऊन ठेवला असेल तर इसारपावतीतील अटी वकिलाला दाखवाव्यात. सौदा पूर्ण करण्याची मुदत आपल्या निर्णयाच्या तारखेच्या पुढे नेता येते का, हे समोरच्याला विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, वारस नोंद किंवा फेरफार अडकलेला असेल, तर तो येथे असतानाच तलाठ्याकडे मार्गी लावावा, कारण भाऊ कितीही चांगला असला तरी दूरच्या माणसाची सही ही नेहमी उद्यावर जाणारी गोष्ट असते.

याच संदर्भात मुखत्यारपत्राचे काम जाण्यापूर्वी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेणे सोयीचे पडते. परदेशातून मुखत्यारपत्र करायचे म्हटले की तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकन आणि ते महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक, असा सगळा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. मुखत्यारपत्रात अधिकारही मोजून द्यावेत: पीकविमा, सोसायटीचे कर्ज, वीजपंपाचे बिल यांसाठी एक आणि विक्रीचा अधिकार, द्यायचाच असेल तर, वेगळा. अनिवासी झाल्यावर पीएम-किसानचा लाभ मिळत नाही आणि बँकेतील साधे बचत खाते अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

नोकरी आणि मुलांची शाळा

नोकरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. रेल्वेत, शाळेत, आयुध निर्माणीत किंवा बँकेत असणाऱ्यांनी राजीनाम्याआधी विनावेतन रजेचा लेखी अर्ज करून पाहावा आणि परदेशी जाण्याची परवानगी कोणाकडून लागते ते आस्थापना शाखेत विचारावे. खासगी नोकरीत पुन्हा घेण्याच्या तोंडी आश्वासनाला किंमत नसते, पण चांगल्या संबंधांना असते.

मुलांच्या बाबतीत मात्र एका गोष्टीकडे सर्रास दुर्लक्ष होते. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा, काही ठराविक अपवाद सोडले तर, महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. म्हणजे आठवीत गेलेली मुलगी तिकडे दहावी करून अकरावीला परत आली, तर तिला हा रस्ता बहुधा बंद होतो. तिसरीत गेलेले मूल सहावीत परतले तर असे काही होत नाही. म्हणूनच ‘जमले नाही तर येऊ परत’ हे वाक्य म्हणणाऱ्या आईवडिलांनी मुलांची वये समोर ठेवून, परत येण्याची शेवटची तारीखही जातानाच लिहून ठेवावी. आमचा मुलगा तेव्हा सातवीत होता आणि आमच्या निर्णयात या हिशेबाचा वाटा मोठा होता.

मागे राहणाऱ्यांशी बोलणे

त्या वर्षी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे नेहमीप्रमाणे कानबाई, म्हणजे खान्देशात घरोघरी पुजली जाणारी देवी, बसायची होती. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. आई सुपात गहू मोजत होती, वडिलांची मूठ झाली, काकांची झाली, आणि माझ्या नावाशी आल्यावर तिने हात तसाच ठेवून विचारले, “पुढच्या सालाले तुमचे दोघांचे गहू घेऊ का नको?” दोघांचे म्हणजे माझे आणि मुलाचे. ती रडत नव्हती. तिला खरोखरच माहिती हवी होती आणि ती आमच्यापैकी कोणी तिला दिलेली नव्हती.

आईवडिलांशी बोलताना ‘आम्ही येत-जात राहू’ असे मोघम सांगण्यापेक्षा कोणत्या वर्षी, कोणत्या सणाला आणि किती दिवसांसाठी येणार, हे सांगावे आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरावेत. त्यांना तिकडे न्यायचे असेल तर कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. परंतु त्यासाठी मुलाचे ठराविक उत्पन्न आणि किमान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्यविमा लागतो, आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाचा हप्ता किती बसतो ते विमा कंपनीकडून आधीच लिहून घ्यावे. रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेईल, या प्रश्नाला माणसाचे नाव आणि फोन नंबर हेच उत्तर असते. ‘शेजारी आहेतच’ असे म्हणण्यापूर्वी त्या शेजाऱ्यांना एकदा तरी विचारलेले असावे.

महिनाभराची तालीम

शंका कागदावर सुटत नसतील तर एक महिना तेथल्यासारखे राहून पाहावे. आम्ही सप्टेंबरात भांडी-धुण्याच्या मावशींना पगारी रजा दिली, आईवडिलांना महिनाभर बहिणीकडे जळगावला पाठवले, मोटारसायकलच्या किल्ल्या कपाटात ठेवल्या आणि ठरवलेल्या रकमेबाहेर एक रुपया खर्च करायचा नाही असा नियम केला. पहिला आठवडा सहलीसारखा गेला. नवव्या दिवशी, कळण्याच्या भाकरीचा तवा कोणी घासायचा यावरून आम्ही दोघे असे भांडलो की मुले घाबरली. पण महिन्याच्या शेवटी मला कळले ते भांडणाबद्दल नव्हते. स्वयंपाक आणि धुणे आम्हांला जमत होते. जमत नव्हते ते हे की संध्याकाळी कोणीच ओट्यावर येऊन बसत नव्हते. माझ्या मावसभावाच्या घरी हीच तालीम अगदी उलट ठरली. त्याच्या बायकोला लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःचे घर मिळाल्यासारखे वाटले आणि जाण्याबद्दलची तिची सगळी चलबिचल त्या महिन्यात संपली.

तारीख ठरवून निर्णय आणि नंतरची कामे

पत्राची मुदत संपण्याच्या किमान सहा आठवडे आधीची एक तारीख निर्णयासाठी ठरवावी. त्या तारखेनंतर तोच विषय पुन्हा काढायचा नाही, असे घरात सर्वांकडून कबूल करून घ्यावे, नाहीतर ‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं’ अशी गत विमानतळापर्यंत चालू राहते. आमची तारीख ३१ ऑक्टोबर होती.

जायचे ठरले तर मुलांचे दाखले, लसीकरणाची कार्डे आणि पदव्यांची प्रमाणित कागदपत्रे सोबत घ्यावीत, मुखत्यारपत्र नोंदवावे आणि जमीन तशीच ठेवावी. परदेशी नागरिकत्वाचा विचार आताच करण्याची गरज नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही हे खरे असले, तरी कॅनडात नागरिकत्वासाठी अर्ज करण्याआधी पाच वर्षांत १,०९५ दिवस राहावे लागते. त्यामुळे तो निर्णय आपोआपच तीन वर्षे पुढचा असतो.

न जायचे ठरले तर ते कळवण्यात उशीर करू नये. संबंधित कार्यालयाला लेखी कळवून परताव्याची मागणी करावी, सल्लागाराकडून मूळ कागदपत्रे पोच देऊन ताब्यात घ्यावीत, शाळेत दाखल्यासाठी दिलेला अर्ज मागे घ्यावा आणि नातेवाइकांना सांगण्याचे एकच वाक्य घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. आमचे वाक्य होते, ‘हिशेब केला, जमत नाही असे दिसले.’ निरोप समारंभ होऊन शालश्रीफळही मिळालेले होते, त्यामुळे पहिले दोन महिने बाजारात निघाले की ‘अरे, गेले नाही का तुम्ही?’ हे दर वीस पावलांवर ऐकावे लागले. मुलांना शाळेत हेच विचारले जाते, म्हणून ते वाक्य त्यांच्याकडूनही म्हणवून घ्यावे. तेवीस किलोच्या दोन मोठ्या बॅगा आम्ही आधीच आणून ठेवल्या होत्या. डिसेंबरात मावसभाऊ निघाला तेव्हा त्या तो घेऊन गेला.